दिवस आहे का अजून?

"हे बघ आक्का, यादीच केलीय," आंबोलीचा घाट उतरताना भरतेशनं खिशातून कागद काढला. कागद त्याच्याच दुकानाच्या पावतीपुस्तकातला. वर छापलेलं 'मगदूम मोटार वाइंडिंग', खाली त्याचं कोंबडीच्या पायांचं अक्षर. दुकान बंद होऊन आठ महिने झाले होते, पावत्या तेवढ्या उरल्या होत्या.

मी वाचायला लागले. बघायचं: मिरामारचा समुद्र, जुन्या गोव्याची चर्चं, मंगेशी, पणजीतली रंगीत घरांची पोर्तुगीज गल्ली. खायचं: बन्स, पातळ भाजी-पाव, दोदोल, आणि मणगणें, त्यापुढं कंसात 'आईला चालेल'. करायचं: फेरीबोटीत बसायचं. समुद्रात पाय घालायचे. आणि सगळ्यात खाली, दोन रेघा मारून, 'एक गोष्ट करायची नाही.'

"ती कुठली ते लिहिलं का नाहीस?"

"लिहिलं की दिसतं गं," तो म्हणाला आणि कागद माझ्या हातातून काढून घेतला.

खिडकीशी आई बसली होती. तिनं नाकाला लिंबू लावलं होतं, डोळे मिटलेले. तरी म्हणाली, "मणगणें म्हणजे काय रे?"

"चण्याची डाळ, गूळ, नारळाचं दूध. कांदा नाही, बटाटा नाही, काही नाही."

"आणि संध्याकाळच्या आत मिळतं का?"

"मिळतं, मिळतं. तुझं सगळं विचारून ठेवलंय."

आमची आई म्हणजे जयसिंगपुरातलं चालतंबोलतं देऊळ. आम्ही जैन, त्यामुळं सूर्य बुडाल्यावर जेवायचं नाही हे घरोघरी ऐकलेलं. पण पाळतं कोण? आम्ही दोघं भावंडं तर रात्री नऊला हादडत होतो. आईनं मात्र एकोणिसाव्या वर्षी महाराजांपुढं नियम घेतला आणि त्यानंतर सूर्यास्त झाला की अन्नाचा कण तोंडात घातला नाही. बाळंतपणात नाही, टायफॉइडमध्ये नाही, बाबा गेले त्या दिवशीही नाही. आम्ही ताटं वाढून तिच्यासमोर बसायचो, ती आमच्याशी गप्पा मारत भाजी निवडायची. एकदा मी विचारलं होतं, "आई, मोह होत नाही गं?" तर म्हणाली, "नियम घेतला की मोहाला जागाच कुठं राहते?" ते तिला खरंच तसं वाटायचं. तिथंच तर आमचं सगळं गणित चुकलं.

भरतेशची गोष्ट सांगायला फार काही नाही. मित्रांबरोबर एकदा पणजीला गेला, मांडवी नदीत उभ्या असतात त्या कॅसिनोच्या बोटीवर चढला, आणि मग दर पंधरवड्याला जायला लागला. दुकान गेलं, गाडी गेली, शेवटी त्रिशला, माझी भावजय, लेकीला घेऊन माहेरी बेडकिहाळला निघून गेली. त्या चातुर्मासात आई त्याला हाताला धरून महाराजांकडं घेऊन गेली. त्यानं श्रीफळ ठेवलं आणि नियम घेतला, आयुष्यभर जुगाराला हात लावणार नाही. आईच्या लेखी विषय संपला. त्रिशलाच्या लेखी नाही. मी तिला आणायला गेले तर म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, आक्का. जयसिंगपुरात बसून कुणीही पाळेल. तिथं बोटी आहेत का?"

हे मी येऊन सांगितलं आणि आमचा बहाद्दर ताडकन म्हणाला, "मग तिथंच राहून दाखवतो! पणजीत, बोटींच्या समोर, दोन रात्री. नाही चढलो तर यायचं तिनं. लागली पैज?"

मला तेव्हाच कळायला हवं होतं, की हा माणूस जुगार सोडायचीसुद्धा पैज लावतोय. पण त्रिशला कबूल झाली. तिची एकच अट होती: साक्षीला आई हवी. "त्यांचं नको, तुमचंही नको आक्का, राग मानू नका. आईंनी सोमवारी सकाळी फोनवर सांगायचं. आई खोटं बोलत नाहीत. त्या म्हणाल्या पाळलं, तर मी त्याच दुपारच्या गाडीनं येते."

राग कसला मानायचा? मला तर मनातून गुदगुल्या होत होत्या. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची. लग्न झालं नाही, का ते विचारू नका. पंचवीस वर्षं मशीनवर ब्लाऊज शिवतेय, गावातल्या सगळ्या बायकांची मापं मला तोंडपाठ. कोल्हापूरच्या पलीकडं मी कधी गेले नव्हते. भावाचा संसार वाचवायला म्हणून का होईना, मला समुद्र बघायला मिळणार होता. जाताना मी नवीन घड्याळ घेतलं, पुरुषी, मोठ्या तबकडीचं, लांबून दिसणारं. आई म्हणाली, "हे बरं केलंस. तिथं मला वेळ कळायची नाही. तू सांगत जा."

लॉज नदीच्या बाजूलाच होता. खोलीची खिडकी उघडली तर समोर मांडवीत पांढऱ्या बोटी उभ्या, चारचार मजल्यांच्या. भरतेशनं आधी पडदा ओढला, मग पिशव्या ठेवल्या. दोन दिवस तो जिथं जाईल तिथं नदीकडं पाठ करून बसला. हॉटेलात, बाकावर, अगदी फेरीबोटीतसुद्धा. पलीकडच्या काठावर, बेतीला जाताना सगळे पाण्याकडं बघत होते, हा एकटा इंजिनाच्या भिंतीकडं तोंड करून उभा. मला हसू आलं. "अरे, रुसलेल्या नवऱ्यासारखा काय उभा राहतोस?"

"हस की तू," तो म्हणाला. पण तोही हसला.

शनिवार किती छान गेला म्हणून सांगू! सकाळी बन्स खाल्ले, म्हणजे केळ्याच्या गोड पुऱ्या. त्यांच्याबरोबर पातळ भाजी. मी पाच बन्स हाणले. आईनं वेटरला बोलावून "ह्या पिठात अंडं आहे? तेल कशाचं? कालचं का आजचं?" असा पंचनामा केला, आणि शेवटी आपल्या डब्यातली दशमी काढून खाल्ली. मग जुन्या गोव्याला गेलो. एवढाली चर्चं, आत गार, उंच छत. साधूचा देह साडेचारशे वर्षं जपून ठेवलाय म्हटल्यावर आईनं लांबूनच हात जोडले आणि हळूच मला म्हणाली, "आत्मा गेला ना पण? मग त्याला कशाला अडकवून ठेवायचं?" मंगेशीला गेलो. रंगीत घरांच्या गल्लीत भरतेशनं आमचे फोटो काढले, एका पिवळ्या घरासमोर मी आणि आई, दोघी पदर सावरून उभ्या. तो फोटो अजून आहे माझ्याकडं. त्याच्यात आई हसतेय.

मिरामारला पोचलो तेव्हा आईनं विचारलं, "रत्ना, किती वाजले?"

"पाच पस्तीस."

वाळूतच बसून तिनं डबा उघडला, जेवली, चूळ भरली. मग आम्ही तिघं पाण्यात घोट्याएवढे उभे राहिलो आणि सूर्य समुद्रात जाताना बघितला. सहा वाजून वीस मिनिटं. आई एकटक बघत होती. "असा जातो होय पाण्यात? आपल्याकडं उसात जातो," ती म्हणाली. पासष्ट वर्षांच्या बाईनं पहिल्यांदा समुद्र बघितला होता. भरतेशनं वाकून तिच्या लुगड्याचा भिजलेला काठ पिळला आणि म्हणाला, "आई, त्रिशलाला आणि पोरीला घेऊन परत येऊ आपण. उन्हाळ्यात."

"येऊ की," आई म्हणाली.

रविवारी दुपारपर्यंत यादीतलं सगळं संपलं. मणगणें मिळालं, आईला आवडलं. दोदोलचा, म्हणजे गूळ-नारळाच्या काळ्या मऊ वड्यांचा, एक डबा त्रिशलासाठी बांधून घेतला. आता एक संध्याकाळ राहिली होती, सोमवारी सकाळी फोन. आम्ही नदीकाठच्या बाकावर बसलो होतो, भरतेश अर्थातच पाठ करून, आणि आई त्या बोटींकडं बघत म्हणाली, "मला ती आतून बघायचीय."

भरतेशला कळेना. "काय?"

"ती बोट. माझं पोरगं जिनं नेलं ती आतून कशी आहे ते बघायचंय मला."

"आई, नको." त्याचा चेहरा उतरला. "दुसरं काहीही सांग."

"अरे, उद्या त्रिशला विचारेल, बोटीत गेले नाहीत हे खरं, पण गेले असते तर? मग काय सांगू मी? आत जाऊन आला, बसला, आणि हात लावला नाही, असं सांगते. मग तिची शंकाच राहणार नाही."

"आई, मी पाया पडतो तुझ्या. नको. आक्का, तू सांग की तिला!"

खरंच पाया पडला हो तो, तिथं, भर रस्त्यावर. आई म्हणाली, "नियम घेतलायस ना? मग भ्यायचं कशाला? मी रोज तुमच्या ताटासमोर बसते का नाही?"

मी काय म्हटलं? मी म्हटलं, "जाऊ या की रे तासभर. आई बरोबर आहे ना."

धक्क्यावरच्या काउंटरला कोट घातलेला एक पोरगा होता. आम्हाला बघून उठून उभा राहिला. "या भरतेशसाहेब! किती महिन्यांनी!" आईनं माझ्याकडं बघितलं. "नावानं ओळखतात ह्याला," ती हळूच म्हणाली. तिकिटं काढली. त्यावर जेवण होतंच, शिवाय प्रत्येकी थोड्या खेळायच्या चकत्या फुकट. आईनं आपल्या आणि भरतेशच्या चकत्या गोळा केल्या आणि माझ्या पर्समध्ये टाकल्या. "तुझ्याकडं ठेव. तुला नियम नाही, पण तुला काय करायचंय असलं?" मोबाइल बंद करायला लावले. लहान बोटीतून मोठ्या बोटीवर गेलो. चार वाजले होते, बाहेर रणरणतं ऊन.

आत गेलो आणि ऊन संपलं. मला वाटलं होतं तिथं दारुडे, गुंड असतील. तसं काही नाही. पायाखाली मऊ गालिचा, गार हवा, लग्नाच्या हॉलसारखे दिवे, नटलेल्या बायका, सरबत घेऊन फिरणाऱ्या पोरी. खिडकी कुठं नाही. भिंतीवर घड्याळ नाही. आई चारी बाजूंना बघून म्हणाली, "हवा यायला जागा ठेवली नाही का ह्यांनी?" कडेला सोफे होते, त्यापलीकडं जेवणाचं दालन. तिथं एका टेबलावर हिरव्या अक्षरात 'जैन जेवण' अशी पाटीसुद्धा! आईला त्याचंच केवढं नवल. "बघ, आपली माणसंही येत असणार," ती म्हणाली.

भरतेश तिच्याशेजारी सोफ्यावर बसला, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. मी म्हटलं, जरा फिरून बघून येते.

पुढचं मी सगळ्यांना ज्या शब्दांत सांगितलं, त्याच शब्दांत आधी सांगते. बराच वेळ गेला. आईला भूक लागली. तिनं शेजारी बघितलं तर भरतेश तिथं नव्हता. मधल्या टेबलाभोवती गर्दी होती. तिथं एक गोल चक्र फिरतं, त्यात पांढरी गोळी टाकतात. त्या टेबलापाशी तो उभा होता. आई लांबूनच ओरडली, "भरू, दिवस आहे का रे अजून?" तिकडून उत्तर गेलं, "आहे म्हणतोय, जेवून घे!" आणि आई जेवायला बसली. वरण, भात, दोन पोळ्या आणि शिरा. नीट जेवली बिचारी.

आम्ही बाहेर डेकवर आलो तर अंधार. सगळी पणजी लखलखत होती, आकाश काळंकुट्ट. आई थांबली. तिनं वर बघितलं, पश्चिमेला बघितलं, परत वर बघितलं. कठड्याला धरून ती म्हणाली, "कधी बुडाला?"

ती भरतेशकडं वळली.

"भरू, तू म्हणालास ना दिवस आहे म्हणून?"

भरतेशनं माझ्याकडं बघितलं. मग खाली बघितलं. "हो," तो म्हणाला. "चुकलं माझं, आई."

आईनं पदर तोंडात कोंबला. सेहेचाळीस वर्षं, हो! रडली नाही, ओरडली नाही. लॉजवर आल्यावर भिंतीकडं तोंड करून णमोकार म्हणत बसली.

सकाळी भरतेश मला चहाच्या टपरीवर घेऊन गेला. चहा घेतला नाही त्यानं. म्हणाला, "आईला काही बोलू नकोस. तुला तिच्याजवळ जन्म काढायचाय. पण त्रिशलाला सांग, आक्का. तेवढं सांग."

"सांगते," मी म्हटलं.

आता खरं सांगते. मी वर जे सांगितलं ते आमच्या घरात, भावकीत, बेडकिहाळात, सगळीकडं तसंच सांगितलंय. बारा वर्षांत त्यातला शब्द हलला नाही, म्हणून तुम्हालाही तसंच सांगून गेले. सवय.

त्या टेबलावर खेळत होते ती मी.

पर्समध्ये तिघांच्या चकत्या होत्या. नुसतं बघू म्हणून एक लाल रंगावर ठेवली, गोळी लालवर पडली. परत ठेवली, परत पडली. कोट घातलेल्या माणसानं माझ्यासमोर चकत्यांचा ढीग सारला आणि "वेल प्लेड, मॅडम" म्हणाला. मॅडम! पंचवीस वर्षं मी 'ए रत्ना, बाही घट्ट झाली बघ' ऐकलेलं. शेजारची एक हिऱ्याच्या कुड्या घातलेली बाई माझ्या हाताला हात लावून म्हणाली, तुमचा हात चांगला आहे, मीही तुमच्या मागून ठेवते. मला काय झालं ते मला सांगता येत नाही. जन्मात पहिल्यांदा मला कुणाचं काही शिवायचं नव्हतं.

भरतेश सोफ्यावरून उठून मला न्यायला आला होता. माझ्यामागं उभा राहिला, डोळे गच्च मिटून, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून सारखा म्हणत होता, "आक्का, उठ. आक्का, आई थांबलीय. उठ गं." मी म्हणत होते, "पाच मिनिटं. पाचच मिनिटं." इतके महिने जो माणूस स्वतःशी झगडत होता, त्याच्या नाकासमोर त्याची सख्खी बहीण खेळत होती, आणि त्यानं चकतीला बोट लावलं नाही. डोळे उघडले नाहीत.

तेवढ्यात आईची हाक आली. गोंगाटात भरतेशला ऐकूच गेली नाही. मला गेली. मी मनगटाकडं बघितलं. मोठी तबकडी, लांबून दिसणारी. सात वाजायला दहा मिनिटं. सूर्य बुडून अर्धा तास झाला होता. मला ते कळलं, अगदी स्वच्छ कळलं. आणि खरं सांगितलं तर उठावं लागणार, हेही कळलं. चक्र फिरत होतं. मी मान वळवून ओरडले, "आहे म्हणतोय, जेवून घे!"

नंतर मी स्वतःला पुष्कळ समजावलं. आईला साखरेचा त्रास, उपाशी राहिली असती तर चक्कर आली असती, म्हणून मी. खोटं आहे ते. आईची साखर माझ्या डोक्यातही नव्हती.

आणि सोमवारी सकाळी, ठरल्याप्रमाणं, आईनं बेडकिहाळला फोन लावला. मी शेजारी उभी होते. भरतेश जिन्यात बसला होता, दोदोलचा डबा मांडीवर घेऊन. आई म्हणाली, "त्रिशला, हात लावताना मी बघितला नाही. पण तिथं गेल्यावर त्याला आई दिसली नाही, आईचा नियम दिसला नाही. माझ्या नियमाला तो खोटं बोलला. मी तुला ये म्हणून सांगू शकत नाही." एवढंच. मग फोन माझ्याकडं दिला.

"आक्का," त्रिशला म्हणाली. "मी बॅग भरून बसलेय हो. तुम्ही होता ना तिथं? तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते ऐकते मी."

बघा, माझी साक्ष नको म्हणणारी बाई, त्या दिवशी माझ्या एका शब्दावर यायला तयार होती. आई माझ्याकडं बघत होती. तिनं काल रात्रीपासून पाणीही घेतलं नव्हतं. जिन्यात भरतेश मान वर करून बघत होता.

मी म्हटलं, "आई म्हणते तसंच."

त्रिशलानं फोन ठेवला. भरतेश उठला, डबा माझ्या हातात दिला, आणि तुम्ही व्हा पुढं म्हणाला. आम्ही दोघी गाडीत बसलो. तो त्याच दुपारी बोटीवर गेला, असं पुढं कळलं. का जाणार नाही? जन्मात एक पैज तो जिंकला होता, आणि ती हरल्याचा निकाल बहिणीनं दिला होता. त्यानंतर तो घरी राहायला आला नाही. पणजीतच कुणाच्या तरी गाड्या चालवतो, पर्यटकांना त्याच धक्क्यावर आणून सोडतो. त्रिशलानं दोन वर्षांनी कोर्टातून मोकळं करून घेतलं. पोरगी आता सोळा वर्षांची झाली असेल. मला रस्त्यात दिसली तर ओळखू यायची नाही.

आईनं तीन उपास केले, महाराजांकडून प्रायश्चित्त घेतलं, आणि नियम परत घेतला. फक्त त्या दिवसापासून ती चार वाजताच जेवायला लागली. उन्हाळ्यात सात वाजेपर्यंत उजेड असतो, तरी चारला. उंबऱ्यात बसून, उन्हात ताट घेऊन. शेजारच्या बायका विचारायच्या, "एवढ्या लवकर का हो काकू?" आई म्हणायची, "कुणाला विचारावं लागू नये म्हणून." मला वाटायचं, हा राग भरतेशवरचा आहे. आणि मी तिला मुकाट्यानं वाढायचे.

मागच्या माघात ती गेली. शेवटचे पंधरा दिवस अंथरुणावरच होती, डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. एकदा दुपारी मी पेजेची वाटी घेऊन बसले. चमचा ओठांशी नेला, तर तिनं तोंड मिटलं.

"आई, घे गं दोन चमचे. दिवस आहे अजून. बारा वाजलेत."

तिनं मान भिंतीकडं वळवली. मग म्हणाली, "तू नको सांगूस."

पेज अंथरुणावर सांडली. म्हणजे तिला ठाऊक होतं. कधीपासून, त्या डेकवरच, का गाडीत, का पुढं कधी एकटीनं विचार करताना, ते मी विचारलं नाही. विचारून काय करणार होते? पोराला तिनं जाऊ दिलं आणि मला जवळ ठेवलं, कारण म्हातारपणी पेज पाजायला मी होते, एवढं मला समजलं. दोघींनी मिळून त्याला विकलं, आणि बारा वर्षं एका घरात एकमेकींना जेवायला वाढलं.

"खिडकी उघड," आई म्हणाली.

मी उठून खिडकी उघडली. ऊन तिच्या तोंडावर पडलं. तिनं डोळे मिटून ते थोडा वेळ अंगावर घेतलं, खात्री केली, आणि मग तोंड उघडलं. मी तिला उरलेली पेज पाजली.